शहरातील वृद्धनिवास: खेळती हवा आणि शांतता एकाच आराखड्यात कशी साधावी

शहरात वृद्धांसाठी निवास बांधताना खिडकी उघडली की रस्त्याचा गोंगाट, धूळ आणि डास आत येतात, आणि खिडकी लावली की हवा कोंडते. धडधाकट माणूस यातून आपला मार्ग काढतो. तो उठून गॅलरीत जातो, खोली बदलतो, खिडकी अर्धवट लोटतो. ज्याला अंथरुणातून उठता येत नाही, ज्याला दमा आहे, किंवा स्मृतिभ्रंशामुळे आपल्याला उकडते आहे हेही ज्याला नीट सांगता येत नाही, त्याच्या वाट्याला मात्र इमारत जेवढे देईल तेवढेच येते. हवा आणि शांतता यांचा निकाल आराखड्याच्या पहिल्या कागदावरच लागतो, असे माझे ठाम मत आहे. पुढे वातानुकूलन यंत्रे आणि जाड काचा बसवून चूक झाकता येते, पण ती दुरुस्त होत नाही. भिंतीवरचे स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडते, बाहेरची ताजी हवा ते जवळजवळ आणतच नाही.

येथे डोळ्यांसमोर आहे तो मुंबई, ठाणे किंवा पुण्यातील तीन-चार मजल्यांचा, तीसेक खाटांचा निवास. जुना बंगला पालटून केलेल्या निवासालाही यातले बहुतेक लागू पडेल.

आधी जागेचा वारा आणि आवाज समजून घ्यावा

प्लॉट पाहायला आपण बहुधा सकाळी अकराच्या सुमारास जातो, तेव्हा जागा सर्वांत निरुपद्रवी दिसते. तिथे पहाटे, भर दुपारी, संध्याकाळी सातला आणि रात्री अकरानंतरही जाऊन उभे राहावे. शेजारी मंगल कार्यालय आहे का, सिग्नल किती अंतरावर आहे, कोणत्या इमारतीचा जनित्राचा धूर कोणत्या बाजूला सुटतो, पाण्याचे टँकर कुठे उभे राहतात, हे नकाशावर लिहून ठेवावे. लग्नसराईतील एक संध्याकाळ आणि गणेशोत्सवातील एक संध्याकाळ यांत समाविष्ट असली तर उत्तम.

वाऱ्याचेही तसेच. किनाऱ्यालगत दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो, रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, आणि पावसाळ्यात नैऋत्येचा व पश्चिमेचा जोर असतो. पुण्यात उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून येतो. हे झाले सर्वसाधारण. तुमच्या गल्लीत मात्र समोरची बारा मजली इमारत वारा अडवून भलतीकडेच वळवत असेल. बांबूच्या टोकाला हलक्या कापडाची पट्टी बांधून प्लॉटच्या चारही कोपऱ्यांत, वेगवेगळ्या वेळी ती कुठे झुकते ते टिपून घ्यावे. या साध्या नोंदीतून मिळणारी माहिती हवामान खात्याच्या शहरासाठीच्या आकड्यांपेक्षा तुमच्या आराखड्याला अधिक उपयोगी पडते.

आवाजासाठी एक हिशेब आधीच मांडून ठेवावा. झोपेच्या खोलीत रात्री सुमारे ३० डेसिबलच्या वर सतत आवाज असू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. अर्धवट उघडी खिडकी बाहेरचा आवाज साधारण १५ डेसिबलने कमी करते. याचा अर्थ खिडकीच्या बाहेर रात्री ४५ डेसिबलच हवेत, आणि आपल्याकडील २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा नेमकी तीच ठेवली आहे. रहदारीच्या रस्त्याकडेला ती पाळली जाणे अवघड, हे आपण सारे जाणतो. म्हणून प्लॉटवर ४५ डेसिबलची जागा कुठे आहे हे शोधणे, आणि नसेल तर इमारतीच्या आकारानेच ती निर्माण करणे, हे रचनाकाराचे पहिले काम ठरते.

शेजारच्या इमारतीपासूनच्या अंतराबाबत तडजोड करू नये. मुंबईत गोवंडी-मानखुर्द परिसरातील लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवे लावावे लागतात. या वसाहतींचा जो अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला, त्यात प्रकाश आणि हवा न पोहोचणाऱ्या घरांचा क्षयरोगाशी असलेला संबंध स्पष्टपणे मांडला गेला. सामासिक अंतर कागदोपत्री नियमात बसते एवढ्यावर समाधान मानून वृद्धांना तळमजल्यावरच्या अंधाऱ्या खोल्यांत ठेवणे मला मान्य नाही. अंतर कमीच असेल तर तळमजल्यावर कार्यालय, कोठार आणि भौतिकोपचाराची खोली ठेवावी, खाटा वर न्याव्यात, आणि स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट खर्चाच्या यादीत पहिल्या दिवसापासून धरावी.

गोंगाटाकडे पाठ, चौकाकडे तोंड

रस्त्याच्या बाजूला जिना, लिफ्ट, कोठार, कार्यालय आणि न्हाणीघरे यांची एक जाड पट्टी उभी करावी, आणि झोपण्याच्या खोल्या तिच्या मागे, आतल्या चौकाकडे तोंड करून ठेवाव्यात. पुण्याच्या वाड्यांनी चौक दिला आणि मुंबईच्या चाळींनी गॅलरी दिली. या दोन्ही गोष्टी वृद्धनिवासाला अत्यंत उपयुक्त आहेत. चौकाभोवती फिरणारी, एका बाजूने उघडी गॅलरी ठेवली की प्रत्येक खोलीला समोरासमोरच्या दोन भिंतींत उघडी तोंडे मिळतात. मधोमध बंद पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या, ही हॉटेलसारखी मांडणी जागा वाचवते, पण त्यात प्रत्येक खोली एकाच बाजूने श्वास घेते. शिवाय आग लागली तर बंद पॅसेजमध्ये धूर साठतो. उघड्या गॅलरीत तो वर निघून जातो आणि चाकाच्या खुर्चीतील माणसाला बाहेर काढायला वेळ मिळतो.

चौक म्हणजे डक्ट, म्हणजे पाइप आणि न्हाणीघरांच्या हवेसाठी सोडलेली अरुंद उभी पोकळी, नव्हे, हे इथे आवर्जून सांगावेसे वाटते. इमारतीच्या उंचीच्या निम्म्याहून कमी रुंदीच्या मोकळ्या जागेला मी चौक धरत नाही. बारा मीटर उंच इमारतीला सहा मीटर रुंदीचा चौक हवा. अरुंद डक्टमध्ये सगळ्या न्हाणीघरांची हवा, सांडपाण्याचे पाइप आणि कबुतरे एकत्र येतात. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासात गेल्याने काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. ज्यांची फुप्फुसे आधीच थकलेली आहेत त्यांच्या खोलीची एकही खिडकी डक्टमध्ये उघडू नये, आणि डक्टवर व एसीच्या बाहेरच्या पेट्यांभोवती जाळी पहिल्याच दिवशी बसवावी.

आता हवेचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नैसर्गिक वायुवीजनाच्या साध्या वॉर्डात दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा हवी. वृद्धनिवास हे रुग्णालय नाही, तरी तेथील बरीच माणसे वर्षातून कधी ना कधी आजारी पडतात आणि खोकला एकाकडून दुसऱ्याकडे जातो. म्हणून हाच आकडा धरावा. चार मीटर बाय पाच मीटरची, तीन मीटर उंचीची दोन खाटांची खोली घेतली तर सेकंदाला १२० लिटर, म्हणजे तासाला साधारण सात वेळा खोलीतली सगळी हवा बदलायला हवी. समोरासमोरच्या दोन तोंडांसाठी याच सूचनांत एक सोपे सूत्र दिले आहे: वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर, गुणिले दोहोंपैकी लहान तोंडाचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, गुणिले ६५०, म्हणजे सेकंदाला मिळणारे लिटर. जेमतेम जाणवणारा, सेकंदाला अर्ध्या मीटरचा वारा धरला तर १२० लिटरसाठी सुमारे ०.३७ चौरस मीटर लागते. डासांची जाळी वाऱ्याचा मोठा वाटा अडवते, म्हणून याच्या दुप्पट, म्हणजे दोन्ही बाजूंना किमान पाऊण चौरस मीटर खरोखर उघडणारी जागा ठेवावी.

या सूत्रातील लहान तोंड हा शब्द विसरू नये. बाहेरच्या भिंतीत तीन चौरस मीटरची सुंदर खिडकी आणि गॅलरीच्या बाजूला दारावर फूटभर उंचीचा झरोका, अशी खोली मी अनेक नकाशांत पाहतो. तिचा हिशेब त्या झरोक्यानेच होतो, तो ०.२ चौरस मीटरचा असेल तर जाळी नसतानाही त्याच वाऱ्यात सेकंदाला ६५ लिटरच मिळतील. गॅलरीकडील दार रात्री बंद राहणार, हे धरूनच त्या भिंतीत वेगळी खिडकी द्यावी.

जुन्या बांधणीवर माझा विश्वास केवळ आठवणीपोटी नाही. पेरू देशातील लिमा शहराच्या रुग्णालयांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दारे-खिडक्या उघडल्यावर तेथील खोल्यांत तासाला मध्यमानाने २८ वेळा हवा बदलली, आणि १९५० पूर्वीच्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या वॉर्डांत ४० वेळा. यंत्राने हवा खेळवणाऱ्या विलगीकरण खोल्यांसाठी मात्र १२ हे प्रमाण धरलेले असते. छताची उंची कमी करून एक मजला अधिक काढण्याचा मोह होईल तेव्हा हे आकडे समोर ठेवावेत.

खिडकी का बंद केली जाते

नकाशावर उघडी दाखवलेली खिडकी प्रत्यक्षात वर्षातले किती तास उघडी राहते, यावर सारे अवलंबून आहे. निवासातील मावशी किंवा रात्रपाळीची परिचारिका खिडकी लावते तेव्हा तिच्याकडे कारण असते, आणि ते बहुतेक वेळा रास्त असते. रचनाकाराने प्रत्येक कारण आधी विचारून घ्यावे आणि त्याचे उत्तर बांधकामातच द्यावे.

पाऊस हे पहिले कारण. कोकणपट्टीत चार महिने पाऊस तिरपा येतो आणि खाटेवरची गादी भिजते, म्हणून जूनमध्ये लावलेली खिडकी सप्टेंबरपर्यंत उघडत नाही. बाहेरच्या बाजूला निदान अडीच फूट खोल छज्जा द्यावा, त्याला दोन्ही बाजूंनी उभे पंख द्यावेत, आणि लिंटलच्या, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या वर, छताखाली, तिरक्या पक्क्या झडपांची एक पट्टी कायम उघडी ठेवावी. ती कोणालाही बंद करता येऊ नये. भर पावसातही तिच्यातून गरम, दमट हवा बाहेर जात राहते.

डासांसाठी जाळी लागतेच. डेंग्यू आणि मलेरिया वृद्धांना झेपत नाहीत. जाळी चौकटीसकट सहज काढून धुता आली पाहिजे, कारण धुळीने भरलेली जाळी भिंतीइतकीच निरुपयोगी असते. सरकत्या खिडक्या टाळाव्यात. दोन पाळ्यांची सरकती खिडकी पूर्ण उघडली तरी निम्मीच उघडते, म्हणून राष्ट्रीय इमारत संहितेने उष्ण-दमट हवामानासाठी सांगितलेले जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक-षष्ठांश हे प्रमाण तुम्ही काटेकोर पाळले तरी हवेला मिळते त्याच्या अर्धे. बिजागरीवर उघडणारी किंवा झडपांची खिडकी घ्यावी.

पडण्याची आणि चोरीची भीती गजांनी जाते, परंतु प्रत्येक खोलीतील एका ग्रिलला आतून किल्लीविना उघडणारे दार ठेवणे अत्यावश्यक आहे. आडोशाचा प्रश्न विशेषतः आजींच्या खोल्यांत येतो. गॅलरीतून जाणाऱ्याला आत दिसते म्हणून खिडकी लावली जाते. तिथे खालच्या अर्ध्या भागात तिरक्या लाकडी झडपा ठेवल्या तर नजर अडते आणि वारा येतो. वारा बाधेल ही समजूत घराघरांत खोलवर रुजलेली आहे आणि तिच्यात तथ्यही आहे: थकलेल्या शरीराला पहाटेचा थेट झोत सोसत नाही. म्हणून खाट दोन खिडक्यांच्या सरळ रेषेत ठेवू नये. ती बाजूच्या भिंतीला लावावी, आणि खिडकीच्या वरच्या व खालच्या झडपा वेगवेगळ्या उघडता येतील अशी सोय करावी, म्हणजे थंडीत फक्त वरच्या उघडता येतील.

राहिला गोंगाट. चौकाकडे तोंड केल्याने तो बराच घटलेला असतो. तरी एखादी खोली रस्त्याकडे ठेवावीच लागली, तर तिच्यापुढे भरीव कठड्याची खोल बाल्कनी द्यावी आणि बाल्कनीच्या छताच्या खालच्या बाजूला आवाज शोषणारा वुडवूलचा, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा, तक्ता लावावा. रस्त्याचा आवाज वर आदळून खोलीत परततो तो बराच तिथे अडतो.

खिडकीच्या कड्या संधिवाताच्या बोटांनी उघडता येतील अशा लांब मुठीच्या असाव्यात, आणि खुर्चीत बसलेल्याच्या हाताला लागतील एवढ्याच उंचीवर. सिल जमिनीपासून साधारण साठ सेंटिमीटरवर आणावे, म्हणजे पडल्यापडल्या झाड दिसते. वर मीटरभर उंचीपर्यंत पक्का कठडा द्यावा. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांना खिडकीतून झाडे दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली, असे अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या नोंदींवरून १९८४ मध्ये दाखवले गेले. चौकात एक बकुळ किंवा अनंत लावण्याचा खर्च नगण्य आहे.

उष्णता

अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, आणि त्यातून २०१३ मध्ये तेथे उष्णतेचा कृती आराखडा आला. सर्वांत वरच्या मजल्यावरील खोल्यांचा धोका सर्वांत मोठा असतो. गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर, म्हणजे चायना मोझॅक, किंवा निदान दरवर्षी पांढरा परावर्तक रंग द्यावा. खाली उष्णतारोधक थर असावाच. पश्चिमेच्या भिंतीला खाटा लावू नयेत, तिथे कपाटे आणि न्हाणीघरे ठेवावीत.

नागपूर-चंद्रपूरकडे नियम उलटा होतो. तिथे उन्हाळ्यात खिडक्या सकाळी लावून रात्री उघडाव्या लागतात, जाड भिंती कामाला येतात, आणि संहितेनेही उष्ण-कोरड्या हवामानासाठी एक-दशांश एवढेच प्रमाण ठेवले आहे. कूलर ठेवायचा तर तो गॅलरीत, रबरी बैठकीवर ठेवावा. खोलीतल्या कूलरच्या घरघरीने झोप मोडते. अति उष्ण दिवसांसाठी प्रत्येक मजल्यावर सर्वांना सामावणारी एक वातानुकूलित खोली असणे मला आवश्यक वाटते, आणि तिला ताजी हवा आत आणणारा गाळणीचा वेगळा पंखा हवा. हिवाळ्यात बाहेरची हवा फार खराब असते त्या दिवसांतही हीच खोली उपयोगी पडते. केवळ हवा शुद्ध करणारे यंत्र ठेवून भागत नाही, कारण ते धूळ गाळते, पण श्वासाने कोंदलेली हवा बदलत नाही.

गॅस गिझर न्हाणीघरात कधीही बसवू नये. बंद न्हाणीघरात त्यातून होणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. पाणी सौरऊर्जेवर किंवा विजेवर तापवावे.

आतला आवाज

बाहेरचा गोंगाट अडवल्यावर आतला ऐकू येऊ लागतो. स्टीलची भांडी, प्रेशर कुकर, मिक्सर, फरशीवर ओढलेली प्लास्टिकची खुर्ची, आदळणारे दार, पहाटे चार वाजता सुरू होणारी पाण्याची मोटर: स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला यांतला प्रत्येक आवाज धोक्याची सूचना वाटू शकतो, आणि संध्याकाळी अस्वस्थता वाढते तेव्हा तर हे विशेष जाणवते. स्वयंपाकघराची खिडकी चौकात उघडू नये, नाहीतर चौकच आवाजाचे पिंप होतो. मोटर आणि जनित्र इमारतीपासून सुटे, रबराच्या गाद्यांवर बसवावे. दारांना हळू मिटणारे यंत्र, खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या, जेवणघराच्या छताला वुडवूल आणि भिंतीवर जाड कापडाचे पडदे, एवढ्यानेही फार फरक पडतो. घंटीऐवजी गॅलरीत पेटणारा दिवा आणि परिचारिकेच्या हातातले कंप पावणारे यंत्र ठेवावे.

फिनलंडमधील पाइमिओ येथील क्षयरोग आरोग्यधामात, १९३३ मध्ये, वास्तुकार अल्वार आल्टो यांनी नळाचे पाणी आवाज न करता उतारावर पडेल अशी हात धुण्याची भांडी खोल्यांत बसवली, जेणेकरून शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची झोप मोडू नये. आणि रुग्ण पडून वरच पाहत असतो म्हणून छताला सौम्य गडद हिरवा रंग दिला. निवासाच्या प्रत्येक खोलीचा आराखडा पक्का करण्याआधी रचनाकाराने त्या खाटेच्या जागी जमिनीवर आडवे पडून पाहावे. वरचा उघडा एलईडी दिवा डोळ्यांत घुसतो का, खिडकीतून काय दिसते, हे उभ्याने कळत नाही.

चौकाभोवतीची गॅलरी पूर्ण वळसा घेणारी असावी. ज्यांना सतत चालत राहावेसे वाटते ते त्यामुळे बंद दारापाशी येऊन थबकत नाहीत, फिरून आपल्या दाराशी येतात. फरशी चकचकीत नको, गडद पट्ट्याही नकोत; अशा पट्ट्या अनेकांना खड्ड्यासारख्या दिसतात. उतार बारास एक या प्रमाणाहून तीव्र नसावा. दारावर खोली क्रमांकासोबत त्या व्यक्तीने घरून आणलेली एखादी ओळखीची वस्तू लावायला कोनाडा ठेवावा.

ताबा घेण्यापूर्वी

कंत्राटदाराचे शेवटचे बिल चुकते करण्याआधी इमारत मोजून घ्यावी. कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र आता सहज मिळते. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असते. दोन माणसे झोपलेल्या खोलीत, खिडक्या उघड्या असताना, पहाटे ते ५०० च्या आसपास हवे. पावसामुळे खिडक्या लावून फक्त वरच्या झडपा उघड्या असतील तर ८०० च्या पलीकडे जाऊ नये. ही मोजणी जुलैतील एका पावसाळी रात्री आणि जानेवारीतील एका थंड रात्री करावी, कारण याच दोन ऋतूंत खिडक्या लागतात. त्याच रात्री उशापाशी आवाजही मोजावा.

एखादी खोली या मोजणीत नापास झाली तर आधी गॅलरीकडील तोंड वाढवावे, मग जाळी बदलून पाहावी, आणि तेवढ्याने भागले नाही तरच कमी आवाजाचा एक्झॉस्ट पंखा गॅलरीच्या बाजूला बसवावा. मोजणीचे यंत्र निवासातच ठेवावे आणि रात्रपाळीच्या मावशींना ते वाचायला शिकवावे. आकडा ८०० च्या वर गेला की कोणती झडप उघडायची, हे प्रत्येक खोलीच्या दारामागे मोठ्या मराठी अक्षरांत लिहून लावावे.